गुरुवारच्या फळ्या

कारखान्यातून प्लायवूडचा जो लॉट बाहेर पडतो, त्यातल्या एका फळीचा तळहाताएवढा तुकडा कापून, त्यावर तारीख आणि पाळी घालून तो पाच वर्षं जपायचा, असा नियम आहे. त्याला राखीव तुकडा म्हणतात. कुडाळच्या कर्ली पॅनेल्समध्ये मी बारा वर्षं तपासणीला आहे. एवढ्या काळात राखीव तुकडा मागायला दोनच माणसं आली, आणि त्यातल्या एकाला तो डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घालायला हवा होता.

जागा अपुरी म्हणून गेल्या वर्षभराचे तुकडे मी चहाच्या किटलीमागच्या मांडणीवर रचले होते. किटली विजेची, दिवसातून आठ वेळा उकळणारी. मॅनेजर प्रभुदेसाई साहेब जागेवर असले तर दहा. मार्चमधल्या एका सोमवारी किटली उचलताना माझं कोपर लागलं आणि एक तुकडा खाली पडला. पडून त्याची नऊ पानं झाली.

फुटला नाही, तुटला नाही, सुटला. लाकडाच्या नऊ पातळ पापुद्र्यांवर साधा ओरखडा नव्हता. मी ते गोळा केले तेव्हा गोंदाची बाजू बोटांना किंचित ओलसर लागली. मग किटलीच्या वाफेत येणारे मांडणीवरचे पन्नासेक तुकडे मी एकेक करून हातात घेतले आणि पिळून पाहिले. त्यातले अकरा सुटले. अकरांच्या तारखा लिहून काढल्या आणि कॅलेंडर समोर धरलं. अकराही गुरुवारचे. अकराही सकाळच्या पाळीचे.

गुरुवारी सकाळच्या पाळीला गोंद कालवतात ते वासुदेव पालव. कारखान्यात सगळ्यांचे पालवकाका. घरी माझे सासरे, आमचे बाबा.

यात घाबरण्यासारखं काय, हे समजायला गोंदाची थोडी हकिकत सांगावी लागेल. प्लायवूड म्हणजे लाकडाचे पापुद्रे, एकावर एक, दर थराला रेषा आडवी-उभी बदलत, मध्ये गोंद आणि वरून गरम दाब. पूर्वीचा गोंद फॉर्मल्डिहाइडचा असे. एकदा भाजला की त्याचे दुवे कायमचे. फळी मोडेल, जळेल, पण पापुद्रे वेगळे होणार नाहीत. शिवाय त्यातून तो वायू वर्षानुवर्षं निघत राही. आमच्या प्रेसवरची माणसं बारा महिने डोळे पुसत असत. नवा माणूस कामाला आला की कोण वारलं म्हणून हळूच चौकशी करी.

पाच वर्षांपूर्वी तो गोंद बंद झाला आणि परतावा कायदा आला. जी फळी बनवाल ती म्हातारी झाल्यावर परत घ्यायची आणि तिचे पापुद्रे सोडवून पुन्हा वापरायचे. त्यासाठी आली नवी राळ. कागदोपत्री तिचं नाव दीड ओळीचं आहे. आमच्या कामगारांनी तिला सुटराळ म्हणायला एक दिवस लावला. एरंडेल तेल आणि लाकडातलाच लिग्निन यांपासून ती बनते. तिच्या साखळीत दर काही कड्यांनंतर एक कडी मुद्दाम वेगळी घातलेली असते. ती कडी नुसत्या पाण्याला दाद देत नाही, नुसत्या उष्णतेलाही नाही. पण आम्ल, ओल आणि ऊब ही तिन्ही एकदम भेटली की उघडते. जुनी फळी बंद खोलीत व्हिनेगरच्या वाफेत साठ अंशांवर सहा तास ठेवली, की पत्त्यांच्या कॅटासारखी हातात येते. आता घरात, दुकानात, शाळेत ही तिन्ही एकत्र कुठे येणार? आम्ल तर कुणी फळीला पाजत नाही. या भरवशावर अख्ख्या देशाची कपाटं उभी होती.

आमच्या फळीत आम्ल कुठून आलं, एवढाच माझा प्रश्न होता.

गोंद कालवायच्या खोलीला सगळ्या कारखान्यांत ग्लू किचन म्हणतात. आमच्याकडे ते नाव जरा जास्तच मनावर घेतलं गेलं होतं. मी गेले तेव्हा बाबा मिश्रणात दांडा बुडवून वर उचलत होते आणि टोकावरून पडणारी धार पाहत होते. गोंद किती दाट आहे हे मोजायला खाली भोक असलेला कप आणि सेकंदाचं घड्याळ दिलेलं आहे. कप खिळ्याला टांगलेला असतो. घड्याळ कुठे आहे ते विचारायचं नाही. बाबांची धार आणि कपाचे सेकंद मी शंभरदा ताडून पाहिले आहेत. बाबा एका सेकंदापलीकडे कधी चुकले नाहीत.

त्यांनी काहीच लपवलं नाही, म्हणजे विचारल्यावर. सुटराळ पातळ. गेल्या वर्षापासून आमच्याकडे लाकूड रबराच्या झाडाचं, ते तिला पिऊन टाकायचं, पापुद्र्यावर काही उरायचंच नाही. सुरुवातीच्या फळ्या फुसक्या निघाल्या, राळेच्या कंपनीचे इंजिनियर येऊन दाब बदला, तापमान बदला सांगून गेले. तेव्हा बाबांनी तीस वर्षं जुन्या गोंदात जे केलं तेच केलं. मैद्याची खळ घातली. खळ घातली की गोंद पापुद्र्यावर थांबतो. जुन्या काळी हे उघड चाले, पोत्यांनी मैदा येई. सुटराळेच्या पिंपावर मात्र तीन भाषांत लिहिलेलं आहे की यात काहीही मिसळू नये. बाबांचं म्हणणं, ते लिहिणाऱ्याने रबराचं लाकूड पाहिलं नसेल. मैदा कँटीनच्या नावावर येत होता आणि कँटीनमध्ये अकरा महिन्यांत कुणी मैद्याचा पदार्थ खाल्ला नव्हता, हे माझ्यासारख्या नोंदी ठेवणाऱ्या बाईच्या ध्यानात यायला हवं होतं.

ते आलं नाही, कारण आकडे सुधारले होते. फळी ओढून तोडायच्या चाचणीत बाबांच्या पाळीचे आकडे इतके चांगले आले की राळ बनवणाऱ्या कंपनीने त्यांना मे महिन्यात केरळच्या कारखान्यात शिकवायला बोलावलं होतं. ते आकडे मीच काढले होते. खाली सही माझी.

पण मैदा तर रोजच पडत होता. मग गुरुवारच का? मी विचारलं, मंगळवारी संध्याकाळी उरलेल्या खळीचं काय करता? आमच्याकडे सुट्टी बुधवारी, बाजाराच्या दिवशी.

बाबांनी माझ्याकडे, मी काहीतरी अशुभ बोलल्यासारखं पाहिलं. "अन्न टाकतत काय कोण?"

कोपऱ्यात ओलं फडकं बांधलेलं पिंप होतं. उरलेली खळ त्यात राहायची, पत्र्याच्या छपराखाली बुधवारचा अख्खा दिवस आणि दोन्ही रात्री. गुरुवारी सकाळी तिच्यात नवा मैदा पडून पहिला घाणा निघायचा. मी फडकं सोडलं. गेल्या आठवड्यातली उरलेली खळ अजून तळाशी होती. पृष्ठभागावर बुडबुडे होते आणि वास सणसणीत आंबट. हा वास मला ओळखीचा होता. कित्येक गुरुवारी या दारावरून जाताना मला तो आला होता आणि कुणाच्या तरी डब्यात आंबोळ्या आहेत असं समजून मी पुढे गेले होते. बाबांनी पिंपात बोट घातलं, चिमटीत चोळलं, आणि खळ एकदम झकास आहे असं सांगितलं.

आम्ल सापडलं. आंबलेल्या पिठातलं. प्रेसमध्ये पाणी उडून जातं, आंबवणारे जंतू मरतात, आम्लातलं थोडं मागे राहतं, गोंदाच्या थरात कोंडलेलं. फळी कोरडी असेपर्यंत ते काही करत नाही. तीन दिवसांनी तपासा, फळी उत्तम. सहा महिन्यांनी तपासा, उत्तम. पण तिला ओल आणि ऊब लागली की ती वेगळी घातलेली कडी आपलं काम करते. तिला काय माहीत, फळी अजून म्हातारी झालेली नाही म्हणून.

मी घरून मोदकपात्र आणून प्रयोगशाळेत लावलं. साठ अंशांचं पाणी, वर जाळी, जाळीवर सहा गुरुवारचे तुकडे आणि सहा शुक्रवारचे. गुरुवारचे पाचव्या तासाला सुटले. शुक्रवारचे तिसऱ्या दिवशीही टणक होते.

प्रभुदेसाई साहेब वाईट माणूस नाहीत. ते 'बघूया' म्हणतात. त्या अर्ध्या तासात ते नऊ वेळा म्हणाले. पिंप त्यांनी त्याच दिवशी रिकामं करवलं, मैदा बंद केला, आणि गिऱ्हाइकांना कळवायचं मात्र राळवाल्या कंपनीचा अहवाल आल्यावर असं ठरवलं. एकवीस दिवस. मोदकपात्राच्या जोरावर आपण लोकांची घरं उघडायला सांगू शकत नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि ते चूक नव्हतं. मग त्यांनी, अगदी मायेने, दोन गोष्टी माझ्या कानावर घातल्या. प्रत्येक लॉटवर सही माझी आहे. आणि पालवकाकांचं केरळचं तिकीट निघालेलं आहे.

मी हिशेब केला. शेहेचाळीस गुरुवार, दर गुरुवारी पहिल्या घाण्याच्या तीस फळ्या. एक हजार तीनशे ऐंशी. पावसाळ्याला ऐंशी दिवस. हवेतली ओल तेव्हा फुकट मिळते. गेल्या ऑगस्टमध्ये दोन तक्रारी आल्या होत्या, त्यांना फळीला पाणी लागलं असेल असं उत्तर गेलं होतं. उत्तराचा मसुदाही माझाच.

नवऱ्याला फोन केला. निरंजन गोव्याला जहाजबांधणीत आहे, शनिवारी येतो. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं, दोन बरे प्रश्न विचारले, आणि मग तुझ्या अहवालात 'मिश्रणातील दोष' असं लिहून भागेल का, असं विचारलं. भागणार नाही म्हटलं, तर म्हणाला, बाबांचं नाव तुझ्या हाताने जायला हवं का? त्याने शनिवारी येतो म्हणून फोन ठेवला. तो दर शनिवारी येतोच. या वेळी ते मुद्दाम सांगितलं.

गुरुवारी संध्याकाळी जेवायला बसलो. माझ्या सासूबाई तेंडोलकरांच्या काजू कारखान्यात सोलायला जातात. तिथे खाली वाफेच्या टाक्यांत काजू शिजतात आणि वर माळ्यावर त्रेचाळीस बायका ओळीने बसून गर सोलतात. हंगाम सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. आई रोज तिथली एक तरी गंमत आणतात. त्या दिवशीची गंमत अशी की आता त्यांचं निम्मं काम माळाच करतो. सोललेला गर खाली ठेवला की आपला आपण घरंगळत मधल्या खांबाकडे जातो. आधी काही दिवस एखादा जायचा, आता सगळेच जातात. मुकादमाला टोपली घेऊन फिरायला नको, मध्ये बसलं की झालं.

मी हातातला घास ताटात ठेवला. माळा कुणाच्या फळ्यांचा, हे विचारलं.

आईंनी बाबांकडे मान उडवली. ऑक्टोबरमध्ये घातलेला, यांच्याच हातचा. त्यांच्या बोलण्यात एवढा अभिमान होता की मला पुढचं बोलवेना. पण बोलले. खळ, आम्ल, कडी, वाफ. आई ऐकत राहिल्या. बाबा जेवत राहिले. शेवटी त्यांनी एवढंच सांगितलं की खळ कधीच आंबलेली नव्हती, तीस वर्षं खळ कालवणाऱ्याला आंबलेली खळ कळते.

मी म्हटलं, बाबा, सोमवारी तुमच्यासमोर फडकं काढलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं इतकी आंबट होती.

ते ताटातल्या भाताचे ढीग करत राहिले. बोलल्या त्या आई, आणि रागाने बोलल्या, माझ्यावरच्या.

"त्येंका वास येत नाय गो. नऊ वर्सां झाली. त्या मेल्या जुन्या गोंदान नाक जाळल्यान. घरात मांजराक पण म्हायत आसा, तुकाच नाय."

प्रभुदेसाई किती वेळा बघूया म्हणतात हे मोजणारी मी. सहा वर्षं या माणसाच्या शेजारी जेवत होते. आमटी करपली की तो काही बोलत नाही याला मी स्वभाव समजत होते. बाबा उठले, हात धुतले आणि अंगणात जाऊन उभे राहिले. गोंद कालवणाऱ्या माणसाचं नाक गेलं, हे कारखान्यात कळलं असतं तर नऊ वर्षांपूर्वीच त्यांना फाटकावर शिट्टी देऊन बसवलं असतं.

मी आईंना उद्या कामावर जाऊ नका म्हटलं. त्या म्हणाल्या, मी एकटी घरी राहून बाकीच्या बेचाळीस कुठे ठेवू?

सकाळी त्या नेहमीसारख्या गेल्या. मी कारखान्यात न जाता पाठोपाठ तिकडे गेले. तेंडोलकर फाटकातच होते. माझी ओळख आईंमुळे होतीच. मी त्यांना न विचारता सरळ खालच्या दालनात शिरले. टाक्या सुरू होत्या. वाफ वर जाऊन छताला लागत होती, आणि ते छत म्हणजेच माळ्याच्या फळ्यांची खालची बाजू. आमचे शिक्के खाली तोंड करून असतात, त्यात वाराचं पहिलं अक्षर असतं. मान मागे टाकून, चष्मा पुसत पुसत वाचत गेले. गु. गु. शु. गु. वाफ आली की थांबायचं, विरली की पुढचा. अडतीस फळ्यांपैकी बावीस गुरुवारच्या. मधल्या खांबाच्या दोन्ही अंगाला सलग नऊ. त्यांची पोटं खाली आली होती. डोक्यावर त्रेचाळीस बायका गप्पा मारत होत्या, कुणीतरी हसली, आणि एका फळीच्या कडेतून पाण्याचा थेंब माझ्या गालावर पडला. बोटाने पुसून जिभेला लावला. आंबट होता, की मला तसं वाटलं, हे शपथेवर सांगता येणार नाही.

तेंडोलकरांना मी टाक्या बंद करून बायकांना उतरवायला सांगितलं. त्यांनी कंपनीचं पत्र मागितलं. पत्र नव्हतं. त्यांनी प्रभुदेसाईंना फोन लावला. तिकडून काय शब्द आला असेल ते मला न ऐकता कळलं. टाक्यांत सहाशे किलो काजू शिजत होता. ते मला चांगल्या शब्दांत म्हणाले की फळी कंपनीची, शिक्का कंपनीचा, कंपनी म्हणते थांबा, आणि कंपनीतली एक बाई म्हणते पळा, तर मी कुणाचं ऐकू?

मग मी जिना चढून वर गेले आणि स्वतःच सांगितलं. बायकांनी ऐकून घेतलं आणि सगळ्यांनी मिळून माझ्या सासूकडे पाहिलं. नवऱ्याच्या हातच्या फळ्या वाईट म्हणून सून चारचौघांत सांगतेय. काजूपेक्षा हे जास्त चवीचं होतं. आई लाल झाल्या होत्या.

"घरातला भांडाण हय कित्याक आणलंस?" त्या हळूच म्हणाल्या.

बायका उठल्या नाहीत. एकीने माझ्याकडे बघत मुद्दाम एक गर जमिनीवर ठेवला. तो निघाला, इतरांच्या मधून वाट काढत खांबापाशी जाऊन थांबला. कुणीतरी त्याला शाबासकी दिली.

तेवढ्यात खाली बाबांची स्कूटर आली. कामाच्या वेळी ते कारखान्याबाहेर कधी दिसलेले नाहीत. जिन्याखाली तेंडोलकरांनी त्यांना गाठलं. इतका वेळ त्यांना हवा तो माणूस हाच होता. सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने ते म्हणाले, "पालवानू, फळयो तुमच्यो. आता तुम्हीच काय ता सांगा."

बाबा वर आले. हातात सुताराची पटाशी होती. मधल्या खांबाजवळ बसलेल्या दोघींना त्यांनी हाताने बाजूला व्हायला सांगितलं, गुडघ्यांवर बसले, आणि दोन फळ्यांच्या सांध्यात पटाशी लावली. चांगल्या फळीत ती हातोडीशिवाय शिरत नाही आणि शिरली तर लाकडाचे तुकडे घेऊनच बाहेर येते. बाबांनी हातोडी आणलेली नव्हती. पटाशी तळव्याच्या दाबाने मुठीपर्यंत आत गेली. ती त्यांनी काढून ठेवली, त्या फटीत बोटं घातली आणि वरचा पापुद्रा उचलला. तो आला. हातभर आला. खालची बाजू स्वच्छ होती. त्यांनी तो पुन्हा होता तसा बसवला, वरून हात फिरवला, जणू कुणाचं पांघरूण सारखं करत होते.

जवळच्या दोघी आणखी मागे सरकल्या.

"माका वास येत नाय," बाबा म्हणाले. कुणाकडेच बघून नाही. "खळ आंबलेली, माका कळाक नाय. उतरा सगळी. भिंतीच्या कडेन, एकेक. धावू नकात."

बायका उतरल्या. टोपल्या तिथेच राहिल्या. प्रत्येक पावलाला मी मधल्या खांबाकडे बघत होते. आई सगळ्यांत शेवटी उतरल्या, बाबा त्यांच्याही मागून. तेंडोलकरांनी स्वतःच्या हाताने वाफ बंद केली.

माळा पडला नाही. हे सांगायलाच हवं. त्रेचाळीस बायका अंगणात आंब्याखाली उभ्या राहून तासभर वर बघत होत्या आणि माळा जागच्या जागी होता. अर्ध्या तासाने त्यांच्यात चुळबुळ सुरू झाली. न पडलेल्या माळ्यासमोर सून आणि सासरा दोघंही वेडे दिसतात. दुपारी तेंडोलकरांच्या चार गड्यांनी मधली फळी उचलायला घेतली. चौघांनी चार कोपरे धरले आणि वर उचललं. पाच पापुद्रे हातात आले. चार तुळयांवरच राहिले. त्यातला एक मधोमध चिरलेला होता.

मग एक बाई ओकली.

त्याच संध्याकाळी बाबा प्रभुदेसाईंच्या खोलीत गेले आणि अहवालात त्यांचं नाव, मैदा, पिंप आणि नाक हे सगळं माझ्याकडून लिहवून घेतलं. मी नाकाचं गाळायला बघत होते. त्यांनी ओळीवर बोट ठेवून थांबवलं. केरळचं रद्द झालं. आम्हा दोघांनाही चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं. प्रभुदेसाईंनी मुख्य कचेरीला फोन केला, तिकडून राळवाल्यांच्या अहवालाची वाट पाहायचा हुकूम कायम राहिला. फक्त तेंडोलकरांच्या बावीस फळ्या 'विशेष बाब' म्हणून बदलून मिळाल्या. निरंजन शनिवारी आला. माझ्याशी बोलला, पण मधे आईला घेऊन. "तिला विचार, जेवायला वाढू का."

राहिल्या एक हजार तीनशे अठ्ठावन्न. बाहेरगावी गेलेल्या मालाची जावक माझ्या वहीत होती, त्या पत्त्यांना मी माझ्या नावाने पत्रं टाकली. पण दर गुरुवारी दुपारी गावातले सुतार प्रेसवरून ताजा माल उचलायला येत. त्यांची नोंद फक्त 'किरकोळ' अशी. कोण आलं, किती फळ्या, कुणाच्या घरासाठी, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. बाबा रविवारी सकाळी ओटीवर बसले आणि आठवून सांगू लागले. अमका सुतार, सहा फळ्या, बहिणीच्या घराचं कपाट. तमका, दहा, झारापला बालवाडीचा ओटा. मध्येच थांबत, डोळे मिटत, दांड्यावरून धार पाहताना पाहत तसं. संध्याकाळपर्यंत एकतीस नावं झाली. त्यातली सहा माळ्यांची होती. माळे आधी, असं त्यांनीच ठरवलं.

सोमवारी आम्ही भाड्याचा टेम्पो केला. निरंजन कामावर गेला नाही. तो चालकाच्या जागेवर बसला.

पहिलं घर पिंगुळीचं. नवं, छोटं, स्वयंपाकघरावर माळा. दार एका तरुणाने उघडलं, हाताला ओलं पीठ, बायको आजारी म्हणून आज भाकऱ्या तो करत होता असं त्यानेच सांगितलं. चुलीवर भाताचं पातेलं उकळत होतं आणि वाफ सरळ वर जात होती. बाबांनी चपला बाहेर काढल्या. इतकी वर्षं त्यांना कुणासमोर स्वतःची ओळख करून द्यावी लागली नव्हती.

"मी वासुदेव पालव," ते म्हणाले. "तुमच्या माळ्याच्यो फळयो माझ्या हातच्यो. त्यो काढूक इलंय."

त्या तरुणाला वाटलं कंपनीची ही काहीतरी नवी सेवा असावी. तो हसला. फळ्या एकदम मस्त आहेत म्हणाला, तक्रार काहीच नाही, उलट हल्ली पाय पडला की अशा छान लवचिक लागतात, पोरं तर दिवसभर वरच असतात. आधी बसा, पाणी घ्या, काढाबिढायचं नंतर बघू. आणि आमच्यासाठी चटई घ्यायला तो आत गेला.

बाबा बसले नाहीत. ते वर बघत होते.

वर कुणीतरी धावत गेलं, भिंतीला हात लावला, आणि पुन्हा धावत आलं.